माग थांबला की जाग येते

ताई,

मी इचलकरंजीची, वय २६. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. एका पतसंस्थेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी चुलतभावाच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. मला दिग्दर्शनात मास्टर्स करायचं आहे. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेला अर्ज करू की अमेरिकेत एमएफए या मास्टर्स पदवीला? माझ्याकडे चांगला कॅमेरा नाही, स्वतःची शॉर्ट फिल्म नाही, इंग्रजी बेताचं. एफटीआयआयच्या तयारीसाठी एक क्लासवाले साठ हजार मागतात. बाबा खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर, माग चालवतात, आमचे आठ माग आहेत. ते म्हणतात, अमेरिकेला जायचं असेल तर चार विकू. याचीच मला जास्त भीती वाटते. आत्या म्हणते, रात्री माग चालू असले की ज्या घरात सगळे गाढ झोपतात आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून जागे होतात, त्या घरातली पोर सिनेमा काय करणार? गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पाठवणीला मी गाणं लावलं नाही, मूळ आवाजच ठेवला. बांगड्या, रडणं, आणि मागे मंडपवाला खुर्च्या एकात एक टाकत होता तो खडखडाट. गिऱ्हाइकाने 'आवाज बिघडलाय' म्हणून परत पाठवलं. एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या उद्देशपत्राचा, मसुदा सोबत जोडला आहे.

— एक वाचक, इचलकरंजी

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही एकेरीवरच येते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मसुदा एकदा. मसुदा दुसऱ्यांदा वाचवेना, रागावू नकोस. पहिल्या वाक्यात लहानपणापासून सिनेमाचं वेड, दुसऱ्यात सिनेमा हा समाजाचा आरसा, तिसऱ्यात तीन परदेशी दिग्दर्शकांची नावं. तुझ्याआधी किती जणांनी हेच लिहून दिलंय याला गणती नाही. निवड करणाऱ्याची नजर असल्या वाक्यावरून साबणावरून घसरावी तशी घसरते. आणि पत्रात मात्र आत्याची तक्रार सांगता सांगता तू सहज लिहून गेलीस की माग थांबले की तुमचं घर जागं होतं. मी खुर्चीत ताठ बसले. पुढे त्या खुर्च्यांचा खडखडाट आला. मुलगी घर सोडून चाललीय आणि मंडपवाल्याला पुढची ऑर्डर गाठायचीय. हे तुला कळलं म्हणून तू तो आवाज ठेवलास. गिऱ्हाइकाला नको होतं, ठीक आहे. लग्नाच्या व्हिडिओचे पैसे तो देतोय, गाणं लावून दे त्याला. पण मूळ प्रत पुसू नकोस.

तू दिग्दर्शनाबद्दल विचारलंयस, पण अख्ख्या पत्रात दिग्दर्शनाची एकही गोष्ट नाही. एखादा चेहरा, एखादी चौकट, कुणाला उभं कुठे करावं, काहीच नाही. जे काही जिवंत आहे ते सगळं कानाचं आहे. म्हणून मी उत्तराची सुरुवात तू न विचारलेल्या प्रश्नापासून करते: तू ध्वनीसाठी अर्ज करण्याचा विचार केलायस का?

बाहेरून पाहणाऱ्याला सिनेमात दोनच माणसं दिसतात, नट आणि दिग्दर्शक. त्यामुळे नट व्हायचं नसेल तर आपोआप दिग्दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, असं होतं. एफटीआयआयच्या फिल्म विभागात दिग्दर्शन आणि पटकथालेखनाबरोबर छायालेखन, संकलन, ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजन, कलादिग्दर्शन हे तीन-तीन वर्षांचे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. कोलकात्याला १९९५ साली स्थापन झालेल्या सत्यजित राय फिल्म संस्थेतही साधारण असंच आहे, शिवाय तिथे निर्मितीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. एकेका विषयाला जागा जेमतेम दहा-पंधरा आणि त्यातही राखीव जागांची विभागणी. सगळ्यात मोठी झुंबड दिग्दर्शनाला. ध्वनीला तेवढी नसते, आणि त्याला एक कारण अगदी कोरडं आहे: तिथे बारावीला फिजिक्स असावं लागतं. बी.ए., बी.कॉम.ची पोरं तिथेच गळतात. तू गळत नाहीस.

पण गर्दी कमी आहे म्हणून जा असं मी म्हणत नाहीये. तसं जाणारा पहिल्या सहा महिन्यांत कंटाळतो.

तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या मालकांपैकी एक विष्णुपंत दामले. बोलपट आले तेव्हा प्रभातच्या ध्वनिमुद्रणाची बाजू त्यांनी उचलली. नवं यंत्र, शिकवणारं कुणी नाही, खटपट करत बसायचं. आणि याच माणसाने भागीदार फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. त्या प्रभातच्याच आवारात १९६० साली सरकारने आजची एफटीआयआय काढली. पुढे तिथूनच ध्वनी शिकून बाहेर पडलेल्या रसूल पूकुट्टींना २००९ मध्ये ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं. म्हणजे ध्वनीकडे गेलं की दिग्दर्शनाचं दार बंद होतं, असं काही नाही. दामल्यांचं झालं नाही. पण पुढे दिग्दर्शन करता येईल म्हणून ध्वनी निवडत असशील, तर तेही नको. मुलाखतीत ते पाच मिनिटांत उघडं पडतं.

ठरत नसेल तर दोन रविवार घाल. एका रविवारी दहा फोटोंत एक गोष्ट सांग, फोनवर काढलेल्या, एकही अक्षर न लिहिता. दुसऱ्या रविवारी एका मिनिटात एक गोष्ट सांग, नुसत्या आवाजाची, संवाद न वापरता. मग बघ, कुठल्या रविवारी जेवायचं विसरलीस. मी पैज लावत नाही, पण मला उत्तर माहीत आहे असं वाटतं.

आता कॅमेरा नाही म्हणून रडतेस त्याबद्दल. ध्वनीला कॅमेरा लागत नाही आणि शिकायचं सामान तुझ्या घरात आहे. कारखान्याच्या दारात उभी राहा. एका मागाचा आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला दीडशे वेळा जात असेल, तर सेकंदाला अडीच ठोके झाले. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून वर सूर ऐकतो. त्याच्या खाली सूर राहत नाही, ठेका होतो. म्हणून माग हा ठेका आहे. मोटारीचा मात्र सूर आहे, तो शोध. आठही माग नेमक्या एका वेगाने चालत नाहीत. मध्येच सगळ्यांचे ठोके जवळ जवळ येतात, क्षणभर समेवर आल्यासारखं वाटतं, आणि पुन्हा विस्कटतात. बाबांना विचार, त्यांना हे नक्की माहीत असेल, फक्त कुणी विचारलं नसेल. मग शेडपासून मोकळ्या जागेत लांब चालत जा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. आत शेडमध्ये तसा उतरत नाही, कारण वरचा पत्रा आणि भिंती तो परत फेकत राहतात. हे तू बी.एस्सी.ला परीक्षेपुरतं वाचलं असशील. आता तेच पायाखालून घाल. ध्वनीच्या मुलाखतीत फिजिक्स विचारतात, आणि पाठ केलेलं फिजिक्स आणि शेडमध्ये चालून पाहिलेलं फिजिक्स यांतला फरक समोरच्याला लगेच ऐकू येतो.

आणखी एक काम. लाइट जाते तेव्हाचं मुद्रण करायचा प्रयत्न कर. पहिल्यांदा फसशील. फोन आपणहून आवाज वरखाली करतो: माग चालू असताना दाबतो, थांबले की चढवतो, आणि तुमच्या घराला जागं करणाऱ्या शांततेच्या जागी नुसता फस्स असा आवाज येतो. पातळी हाताने ठरवू देणारं अ‍ॅप घे, माग चालू असतानाच्या आवाजाला पातळी लाव आणि तशीच राहू दे. मग ऐक, थांबल्यावर काय उरतं. खोकला, शेजारचं कुत्रं, आईच्या पायाची चाहूल, 'गेली का गं?' असं कुणीतरी. आमच्या धंद्यात प्रत्येक जागेचा असा रिकामा आवाज मिनिटभर वेगळा घेऊन ठेवतात, त्याला रूम टोन म्हणतात. संकलनाच्या टेबलावर मी त्याच्याच जिवावर जगते. ध्वनिवाला तो घ्यायला विसरला की मी त्याला शिव्या घालते, हेही सांगून टाकते.

हे करताना कानांची काळजी घे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज नव्वद डेसिबलच्या वर सहज जातो, आणि कारखान्यात आठ तासांसाठी मर्यादाच ९० ची आहे. तू लहानपणापासून त्यात आहेस. अर्ज भरण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे, सोबत बाबांनाही ने. तुझ्या ऐकण्यात वरच्या पट्टीत थोडी घट निघाली तर खचू नकोस, पण माहीत असलेलं बरं. आणि शेडमध्ये कापूस नको, फोमचे इअरप्लग वापर, काही रुपयांना मिळतात.

परीक्षेचं थोडक्यात. लेखी परीक्षेत एक भाग बहुपर्यायी आणि एक भाग लिहून उत्तरं देण्याचा, मग निवडलेल्यांना दुसऱ्या फेरीला बोलावतात, तिथे काम करून दाखवायचं आणि मुलाखत. काही वर्षं पुणे आणि कोलकाता मिळून एकच संयुक्त परीक्षा होती. पद्धत आणि तारखा बदलत राहतात, म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नकोस, त्या वर्षीचं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाच. प्रश्नपत्रिका मराठीत येत नाही आणि वर्ग इंग्रजीतून चालतात. इंग्रजी बेताचं असलं तरी चालेल, मोडकं असलं तर अडेल. रोज एक पान इंग्रजीत लिही, दिवसभरात काय ऐकलं एवढंच. शब्दकोश मोठा करायच्या नादाला लागू नकोस.

साठ हजारांचा क्लास नको. सामान्यज्ञान, भारतीय सिनेमाचा इतिहास, जुन्या प्रश्नपत्रिका हे सगळं वाचनालय आणि इंटरनेट यांत मिळतं. क्लासवाला तुला उत्तरं कशी दिसायला हवीत ते शिकवेल, आणि मग तुझं उत्तर त्याच्या तीस पोरांसारखं दिसेल. त्याऐवजी त्यातल्या दहा-बारा हजारांत बरा हेडफोन आणि छोटा रेकॉर्डर घे. उरलेले पतसंस्थेतच राहू देत, तुझ्याच काउंटरवर.

माझी एक फजिती सांगते. फार वर्षांपूर्वी, एका संस्थेच्या मुलाखतीत, आवडता सिनेमा विचारल्यावर मी एका परदेशी सिनेमाचं नाव ठोकून दिलं. समीक्षा वाचलेली होती, चार वजनदार वाक्यं फेकली. समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'सुरुवातीच्या प्रसंगात पहिला कट कुठे येतो?' सिनेमा मी पाहिलाच नव्हता असं नाही, पाहिला होता. पण कट पाहिला नव्हता. घरी आले, पुढचं वर्षभर मी एकच मराठी सिनेमा अकरा वेळा पाहिला, वहीत प्रत्येक कट लिहून. दुसऱ्या वर्षी दुसरीकडे निवड झाली. तू शंभर सिनेमांची यादी करू नकोस. पाच निवड, त्यातले दोन डोळे मिटून पाहा. म्हणजे ऐक.

अमेरिकेचं बोलू. तिथले अभ्यासक्रम वाईट आहेत म्हणून नको म्हणत नाही. लॉस एंजेलिसच्या यूएससी या विद्यापीठाचा प्रॉडक्शन एमएफए सगळ्यांना सगळं करायला लावतो, लिहिणं, चित्रीकरण, संकलन, ध्वनी. एएफआय ही फिल्म संस्था उलट, तिथे आधीच विषय निवडून जावं लागतं. बहुतेक ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागत नाहीत, पण इंग्रजीची परीक्षा, एसओपी, तीन शिफारसपत्रं आणि कामाचे नमुने मागतात. आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. काही विद्यापीठं पूर्ण पदवी धरतात, काही धरत नाहीत, ते मेल करून आधीच विचारायचं असतं. इथवर सगळं जमण्यासारखं आहे. जमत नाही ते पुढचं: मोठ्या खासगी विद्यापीठात नुसती शिकवणी फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे, वर राहणं-खाणं, आणि अशी दोन-तीन वर्षं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागते. तारण म्हणजे तुमचं घर किंवा शेड. आणि साधे माग हल्ली कुठल्या भावाने जातात हे बाबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चार विकून एका सेमिस्टरची फी निघणार नाही, आणि घरात मात्र निम्मी मजुरी उरेल. सिनेमाच्या धंद्यात पहिली काही वर्षं हप्ता फेडण्याइतकं नियमित उत्पन्न येत नाही. पूर्ण शिष्यवृत्तीचं पत्र हातात आलं तर जा, मीच विमानतळावर येते. कर्जावर नको.

बाबांना नाही म्हणताना मात्र जपून. बापाने माग विकायची तयारी दाखवणं म्हणजे काय, हे इचलकरंजीच्या पोरीला मी शिकवायला नको. 'विकू नका' म्हणण्यापेक्षा 'मला तुमच्या शेडचं काम आहे, रात्री दोन तास द्या' असं म्हण. हेडफोन त्यांच्या कानाला लाव आणि त्यांचाच माग त्यांना ऐकव. कुठल्या मागाचा काय बिघाड आहे ते ते तुला आवाजावरून सांगतील, ते लिहून घे. तुझ्या नमुन्यांतला तोच सगळ्यात चांगला भाग होईल. आत्याला तूर्तास काहीच सांगू नकोस. तिचं वाक्य मात्र वापर.

म्हणजे असं. एसओपी मागितला तर तो मसुदा फेकून दे आणि साधारण इथून सुरू कर: 'आमच्या घरात आठ यंत्रमाग आहेत. ते चालू असताना आम्ही झोपतो. लाइट गेली आणि ते थांबले की आम्ही जागे होतो. माझी आत्या म्हणते, अशा घरातली मुलगी सिनेमा काय करणार.' मग पाठवणीचा प्रसंग, खुर्च्यांसकट, गिऱ्हाइकाने परत पाठवल्यासकट. मग शेडमधलं मुद्रण कसं फसलं आणि काय कळलं. मग एका परिच्छेदात, तुला काय येत नाही आणि तिथे जाऊन काय शिकायचंय. आवड, वेड, स्वप्न हे तीन शब्द कुठेही आले तर खोड. दिग्दर्शकांची नावंही खोड. दीड पानात संपव.

पुण्यात आणि कोलकात्यात दोन्हीकडे ध्वनीला अर्ज भर. कोलकाता लांब आहे म्हणून सोडू नकोस. वयाची चिंता सोड, २६ हे या वर्गांत काही जास्त नाही, आधी नोकऱ्या करून आलेले तिथे पुष्कळ असतात. नोकरी निकाल लागेपर्यंत सोडायची नाही. तीन वर्षांचा अभ्यासक्रम लांबल्याची उदाहरणंही आहेत, तेव्हा घरखर्चाचा हिशेब चार वर्षांचा मांड. पहिल्या वर्षी नाही झालं तर दुसऱ्यांदा बस, मी बसले होते.

आणि आजच एक काम कर. बारावीची गुणपत्रिका शोध. पदवीच्या कागदांखाली कुठेतरी पडली असेल. फिजिक्सचे गुण कितीही असोत, विषय होता एवढं तिच्यावर दिसायला हवं. सापडली नाही तर बोर्डाकडून दुय्यम प्रत काढायला वेळ जातो, आणि अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही.